हशाची जागा

नमुनेवालीला ते वाक्य तीन वर्षं तोंडपाठ होतं. अर्थ तेवढा माहीत नव्हता.

वाक्य इंग्रजी होतं. माल घेणाऱ्या कंपनीच्या बाई कारखाना पाहायला आल्या होत्या. निघताना त्यांनी नमुनेवालीचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला, मान एका बाजूला कलती केली आणि म्हणाल्या, "आय अ‍ॅम सो सॉरी अबाउट युअर आइज." 'सो' जरा लांबवला, शेवटचा शब्द जवळजवळ कुजबुजत म्हटला.

"सॉरी कशाला म्हणाल्या त्या, वन्सं?" नमुनेवालीनं शेजारी उभ्या असलेल्या नणंदेला विचारलं.

"अगं, तुझा वेळ घेतला म्हणून. त्यांच्यात श्वास घेतला तरी सॉरी म्हणतात. बाकी शिलाई छान आहे म्हणाल्या. चल, चहा घेऊ."

चौथ्या दिवशी नमुनेवालीला नमुना विभागातून उचलून दोरे कापायच्या टेबलावर बसवलं.

कारखाना रेनकोटचा. कुठलाही नवा रेनकोट आधी नमुना विभागात एक नग म्हणून तयार होतो. तो पसंत पडला की खालच्या साठ मशीनवर त्याच्या हजारो नकला निघतात. तो पहिला नग चौदा वर्षं या बाईच्या हातचा होता, म्हणून तिला सगळे नमुनेवाली म्हणत. मान वळवली की बरोबर वळणारी टोपी तिनंच बसवली होती. टोपीच्या दोन फाकांमध्ये तिसरी पट्टी घालायची आणि ती पट्टी कापडाच्या उभ्या धाग्यावर न कापता तिरकी कापायची, एवढीच गोष्ट. पण ती तिला सुचायला एक अख्खा हिवाळा लागला होता. त्या टोपीवर कारखान्याला तीन मोठी गिऱ्हाइकं मिळाली.

दोरे कापायच्या टेबलावर डोकं लागत नाही. तयार रेनकोट येतो, शिवणींतून लोंबणारे दोरे कात्रीनं उडवायचे, रेनकोट पुढे सरकवायचा. तिनं मालकांना कारण विचारलं नाही. नणंदेला विचारलं.

"मी तुझ्यासाठी किती भांडले, तुला माहीत नाही," नणंद म्हणाली. "पण मालकांना नवीन माणसं हवीत. तू आता हा विषय त्यांच्याकडे काढू नकोस, वहिनी. आहे तेही जाईल."

नणंद तिच्याहून आठ वर्षांनी लहान. लग्न होऊन नमुनेवाली या घरात आली तेव्हा नणंद शाळेत होती. तिची कॉलेजची सगळी वर्षं वहिनीच्या घरच्या मशीनवर निघाली, आणि कारखान्याच्या ऑफिसात ती चिकटली तीही वहिनीच्या शब्दावर. तरी रीत म्हणून नमुनेवाली तिला 'वन्सं' आणि 'तुम्ही' म्हणे, नणंद तिला 'वहिनी' आणि 'तू'. ऑफिसात इंग्रजी अस्खलित बोलणारी ती एकटीच. खाली जे शिवलं जाई ते वर तिच्या तोंडून जाई, आणि वर जे ठरे ते खाली तिच्याच तोंडून येई. नमुनेवाली दोऱ्यांवर बसली त्याच महिन्यात नणंद नमुना विभागाची प्रमुख झाली.

त्या तीन वर्षांत नमुनेवालीला कारखान्यात तीन गोष्टी विचित्र वाटल्या होत्या. एक, दोरे कापायच्या लांबलचक टेबलावर नेमकी तिच्या डोक्यावर एक जादा ट्यूबलाइट लागली. दोन, जिन्यात वॉचमन न चुकता तिचा कोपर धरायचा. तीन, मालक तिच्याशी बोलताना आवाज चढवायचे, आणि शब्दांत नसायची इतकी माया त्या आवाजात असायची. ट्यूबलाइट तिला कामाच्या सोयीची वाटली. वॉचमनला तिनं दोनदा झिडकारलं होतं.

नव्या टेबलाची पाळी सातऐवजी चारला सुटायची. तीन तास हातात आले. घरच्या वाटेवर सायकलच्या दुकानावरच्या माडीला एक पाटी होती: 'टीव्ही बघत इंग्रजी शिका. प्रौढांसाठी.' तीन वर्षं ती पाटी वाचून ती पुढे गेली. चौथ्या वर्षी गुडघे दुखत होते, टेकायला जागा हवी होती आणि माडीवरून हसण्याचा आवाज येत होता, म्हणून ती वर गेली.

वर सहा खुर्च्या, एक मोठा टीव्ही आणि मास्तर होते. मास्तरांनी आयुष्यभर एका वाहिनीत विनोदी मालिकांच्या पडद्याखाली उमटणारी भाषांतराची अक्षरं लिहिली होती. कोणतं वाक्य किती वेळ पडद्यावर राहील आणि त्यामागचा हशा किती सेकंद चालेल, हे त्यांना घड्याळ न बघता सांगता यायचं. त्यांच्या वर्गात पुस्तक नव्हतं. लिफ्ट कायमची बंद असलेल्या एका इमारतीची जुनी इंग्रजी मालिका होती, आणि प्रत्येकानं तिच्यातलं एक पात्र वर्षभरासाठी घ्यायचं. तेच पात्र ऐकायचं, त्याच्याच चालीत बोलायचं, वर्गात एकमेकांशीही त्याच तोंडानं भांडायचं. आवाज बंद करून एकेक प्रसंग दाखवायचा आणि आपल्या पात्राच्या तोंडी काय असेल ते ओळखायचं, हा रोजचा खेळ.

वर्गातल्या एका न्हाव्यानं तिसऱ्या मजल्यावरचा दातांचा डॉक्टर घेतला होता. "दोघांचंही गिऱ्हाईक तोंड वर करूनच बसतं," असं त्याचं कारण होतं. नमुनेवालीनं घरमालकीण मागितली.

"विचार करा," मास्तर म्हणाले. "या बाईच्या तोंडी एक सरळ वाक्य नाही. भाडेकरूला 'या, बसा'सुद्धा टोमण्यात म्हणते. वर्षाअखेरीस तुम्हाला 'धन्यवाद' येणार नाही, पण माणसाचं नाक कसं कापायचं ते येईल."

"चालेल," नमुनेवाली म्हणाली. "धन्यवाद मला मराठीत येतं."

तिचा कान तयार होता. साठ मशीनच्या खडखडाटात कुठल्या मशीनची सुई बोथट झाली आहे ते ती ऐकून सांगायची. घरमालकिणीचा घसा, तिचा थांबा, वाक्याच्या शेवटी खाली पडणारा सूर, सगळं तिनं चार महिन्यांत उचललं. घरीही मालिका लावायची. नवरा लिफ्ट दुरुस्त करणारा. तो पाच मिनिटं बघायचा आणि तडकायचा.

"अठरा भाग झाले, लिफ्ट बंद! एक रिले, बोटाएवढा स्विच, बदलला की चालू होईल. कुणी बोलवत का नाही माणूस?"

"चालू झाली तर मालिका संपेल ना."

"मग संपू दे! लोक जिने चढून मरतायत आणि हे हसतायत."

या वर्गाची एक खोड मास्तरांना मोडता येत नव्हती. विद्यार्थी मालिकेतून बोलायला शिकले, तसे मालिकेतून थांबायलाही शिकले. पडद्यावर चटका देणारं वाक्य झालं की नट गप्प उभे राहतात, कारण हसण्याचा आवाज ओसरल्याशिवाय पुढचं वाक्य ऐकू जात नाही. हे सहाही जण वाक्य बोलले की तसेच उभे राहायचे. न्हावी तर दुकानातही हवामान सांगून थांबायचा.

"हशा पडद्यावरच्यांसाठी असतो," मास्तर कळवळून सांगायचे. "बाहेर कुणी हसत नाही. तुम्ही थांबलात की समोरचा तुमचं वाक्य खाऊन टाकील. बोलत राहा!"

"माझ्या दुकानात गिऱ्हाईक हसतं, सर," न्हावी म्हणाला. "वस्तरा गळ्यावर असला की हसतातच."

आणि थांबला.

पाचव्या महिन्यात तो भाग लागला. वरच्या मजल्यावर एक म्हातारा बँडवाला राहतो. जिने चढायचा त्याला कंटाळा. तळमजल्याची खोली मिळावी म्हणून तो डोळे गेल्याचं सोंग करतो, भिंती चाचपत फिरतो. मास्तरांनी आवाज बंद केला. पडद्यावर घरमालकीण खाली आली, तिनं बँडवाल्याचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला, मान एका बाजूला कलती केली आणि तोंड उघडलं.

"हं, काय म्हणाली?" मास्तरांनी विचारलं.

"आय अ‍ॅम सो सॉरी अबाउट युअर आइज," नमुनेवाली म्हणाली. 'सो' लांबवून, शेवटचा शब्द कुजबुजत.

मास्तरांनी आवाज चालू करून प्रसंग मागे घेतला. घरमालकीण तेच वाक्य बोलली, अक्षर न् अक्षर. मागून हशा उसळला.

"तुम्ही हा भाग आधी पाहिलाय."

"नाही."

"मग वाक्य कुठून आलं?"

"त्याचा अर्थ काय?"

"तुमच्या डोळ्यांबद्दल ऐकून मला फार वाईट वाटलं."

नमुनेवालीनं पडद्याकडे बोट दाखवलं. "आणि लोक हसले का?"

"कारण त्याचे डोळे ठणठणीत आहेत. ते सगळ्यांना माहीत आहे. फक्त त्यालाच वाटतंय की कुणाला माहीत नाही."

"पुन्हा लावा," ती म्हणाली. मास्तरांनी लावलं. तिनं आणखी एकदा लावायला सांगितलं. तिसऱ्यांदा तिनं वाक्य ऐकलंच नाही, हशा मोजला. साडेतीन सेकंद होता.

दुसऱ्या दिवशी वॉचमननं जिन्यात तिचा कोपर धरला. या खेपेला तिनं तो सोडवून घेतला नाही. "तुम्हाला माझ्याबद्दल कुणी काय सांगितलंय?" तिनं विचारलं.

वॉचमन ओशाळला. "ताई, ते... ऑफिसातल्या मॅडम म्हणाल्या होत्या, तुमच्या नणंदबाई. तुमचे डोळे हळूहळू जातायत म्हणून. तुमच्यासमोर विषय काढायचा नाही, तुम्हाला लागेल. सगळ्यांनाच माहीत आहे."

ती दोरे कापायच्या टेबलावर जाऊन बसली आणि डोक्यावरच्या ट्यूबलाइटकडे पाहिलं. तीन वर्षं तो उजेड तिच्यावर पडत होता आणि सारा कारखाना त्या उजेडात तिला बघून हळहळत होता. वर नणंद नमुना विभागात, तिच्या खुर्चीवर. आणि दर रविवारी जेवायला आल्यावर पिशवीतून नमुने काढून "वहिनी, जरा हात फिरव ना, खालच्या पोरींना नीट जमत नाही" म्हणणारीही नणंदच. डोळे गेलेल्या बाईकडून तीन वर्षं शिवणी दुरुस्त करून नेत होती.

घरी येऊन तिनं खिडकीशी उभं राहून सगळ्यात बारीक सुई घेतली आणि दोरा पहिल्या खेपेला ओवला. दुसरी सुई, पहिल्या खेपेला. तिसरी. नवरा बघत होता.

"काय चाललंय?"

"काही नाही. हात बसवतेय."

रविवारी नणंद आली. तिची पंचेचाळिशी उलटली होती. जवळचं दिसायला चष्मा लागायचा, पण तो फक्त भावाच्या घरी निघायचा. ऑफिसात तिला कुणी चष्म्यात पाहिलं नव्हतं. जेवता जेवता तिचा फोन वाजला आणि ती इंग्रजीत बोलू लागली. नमुनेवाली वाढत होती. वाढता वाढता तिनं ऐकलं, आणि पहिल्यांदाच तिला जवळजवळ सगळं कळलं. पुढच्या गुरुवारी त्याच खरेदीदार बाई पुन्हा येणार होत्या. नव्या कापडातली टोपी बघणार होत्या. "हो, माझीच कल्पना," नणंद हसून म्हणाली. मग आवाज खाली आला. "वहिनी? आहे ना, इथेच आहे. बिचारी. मीच बघते तिचं सगळं. नाही, तिला काही कळत नाही, समोर बोललं तरी चालतं."

"अजून भाजी घ्या, वन्सं," नमुनेवाली म्हणाली.

जेवण झालं, नणंदेनं चष्मा लावला आणि पिशवीतून नमुना काढला. "वहिनी, या टोपीला काय झालंय बघ गं. नवीन कापड आहे, मान वळवली की ओढ बसते. गुरुवारी दाखवायचीय."

नमुनेवालीनं टोपी हातात घेतली. बोटांनीच कळलं. मधली पट्टी उभ्या धाग्यावर कापली होती. कापड वाचतं म्हणून कुणीतरी सुचवलं असणार आणि नणंदेनं होकार दिला असणार. पट्टी तिरकी का कापायची हे तिनं कधी विचारलंच नव्हतं. अर्ध्या तासाचं काम होतं.

तिनं टोपी परत नणंदेच्या मांडीवर ठेवली.

"नाही जमायचं, वन्सं. माझे डोळे."

नणंदेचा हात चष्म्याशी गेला आणि तिथेच राहिला. "डोळे? तुझ्या डोळ्यांना काय झालं?"

"तेच तर मला कळत नाही. कारखान्यात सगळे म्हणतात."

"कोण म्हणतं? काहीतरीच. कुणाच्या बोलण्यावर जाऊ नकोस." नणंदेनं घाईघाईनं टोपी पिशवीत कोंबली. दारात चपला घालताना तिनं एकदा वळून बघितलं. नमुनेवाली ताटं उचलत होती आणि टीव्हीवर हशा चालू होता.

"ती घाबरल्यासारखी का गेली?" नवऱ्यानं विचारलं.

तेव्हा तिनं त्याला सांगितलं. सगळं, क्रमानं. त्यानं टीव्ही बंद केला.

"माझी बहीण आहे ती," तो म्हणाला.

"मी कुठं नाही म्हणते."

"तिची नोकरी घालवू नकोस. एवढं कर."

"नाही घालवणार," नमुनेवाली म्हणाली. तो शब्द तिनं पाळला.

पुढचे तीन दिवस वर्गात तिनं एकच प्रसंग मागितला. न्हाव्याला नणंद व्हायला सांगितलं, वर्गातल्या बस कंडक्टरला मालक, मास्तरांना खरेदीदार बाई. मास्तरांनी तिला साधी वाक्यं लिहून दिली: 'माझ्याबद्दल चुकीची माहिती दिली गेली. माझी दृष्टी उत्तम आहे.' तिनं कागद वाचला आणि घडी करून परत दिला.

"हे अर्जासारखं आहे."

"सभ्य आहे."

"म्हणूनच नको."

"ठीक. पण ते वाक्य म्हटलंत की थांबू नका," मास्तर म्हणाले. "शपथ आहे तुम्हाला. तिला तोंड उघडायला फट मिळाली की ती तुमचा निकाल लावील. लगेच पुढचं बोला."

ती प्रत्येक वेळी थांबली. न्हाव्यानं प्रत्येक वेळी त्या फटीत तोंड घालून तिला हरवलं, आणि वर म्हणाला, "वहिनी, तुमच्या नणंदेच्या भूमिकेत मी शोभतो हां."

गुरुवारी अकरा वाजता खरेदीदार बाई खाली उतरल्या. तपासणीचं टेबल दोरे कापायच्या टेबलाला लागूनच होतं. मालक होते, नणंद होती. बाईंनी रेनकोट स्वतःच्या अंगात घातला, टोपी चढवली, उजवीकडे बघितलं, डावीकडे बघितलं. टोपी जागची हलली नाही. बाईंचा अर्धा चेहरा तिच्यात गेला.

"हे आधी असं नव्हतं," त्या इंग्रजीत म्हणाल्या.

"नवीन कापड आहे. वापरून बसेल," नणंद म्हणाली.

"बसणार नाही. तुमचीच टोपी आहे ना? मग मला इथेच दाखवा काय चुकलंय." बाईंनी रेनकोट काढून टेबलावर पसरला.

नणंदेनं टोपी उलटी केली, सुलटी केली. एक टाचणी उचलली. जवळच्या टेबलावरच्या बायका एकमेकींकडे बघू लागल्या, कारण रेनकोटच्या कापडाला टाचणी लावत नाहीत. भोक पडलं की तिथून पाणी आत येतं. चिमटे लावतात. हे पहिल्या दिवशी शिकवतात.

नमुनेवाली उठली. सुयांची डबी तिच्या हातात होती.

"वहिनी, तू बस," नणंद मराठीत म्हणाली. "लागलं तर बोलावते." आणि बाईंकडे वळून इंग्रजीत, हसत, "माझ्या भावाची बायको. आठवतं ना, डोळ्यांचं? आवाज ऐकला की येते बिचारी. बघू नका तिच्याकडे."

नमुनेवाली टेबलापाशी आली. डबीतून सगळ्यात बारीक सुई काढली, हात लांब करून उजेडात धरली आणि दोरा ओवला. एका खेपेला. ती सुई तिनं टेबलावर बाईंसमोर ठेवली. मग दुसरी सुई आणि दुसरा दोरा काढून नणंदेच्या हातात दिला.

"तुझी टोपी आहे म्हणे," ती इंग्रजीत म्हणाली, घरमालकिणीच्या घशानं. "शीव."

नणंदेचं तोंड उघडं पडलं. पण बाई बघत होत्या, मालक बघत होते, आणि हातातली सुई टाकून देणं म्हणजे कबुली. तिनं दोऱ्याचं टोक ओलं केलं आणि सुईशी नेलं. दोरा नेढ्याच्या बाजूनं गेला. पुन्हा नेला. पुन्हा बाजूनं. टोक फुटलं, तिनं दातांनी तोडलं, सुई दूर धरली, जवळ धरली. चष्मा पर्समध्ये होता आणि पर्स वर ऑफिसात. चौथ्या खेपेला सुई तिच्या बोटात गेली.

तेव्हा नमुनेवालीनं तिचा तो हात आपल्या दोन्ही हातांत घेतला. मान एका बाजूला कलती केली.

"आय अ‍ॅम सो सॉरी," ती म्हणाली, "अबाउट युअर आइज."

आणि थांबली.

मास्तरांनी शपथ घातली होती तरी थांबली, कारण तिला दुसरं येत नव्हतं. कुणी हसलं नाही. पण ती अशी उभी होती की अजून काहीतरी व्हायचं बाकी आहे. मालकांनी बोलायला तोंड उघडलं आणि काहीतरी चालू आहे असं वाटून मिटलं. नणंदेला फट मिळाली होती. ती त्या फटीत हात ओढत राहिली आणि तिला एक शब्द सुचला नाही. बाईंची नजर टेबलावरच्या ओवलेल्या सुईवर गेली, तिथून नमुनेवालीच्या चेहऱ्यावर आली, आणि त्या साडेतीन सेकंदांत त्यांना ते वाक्य कुणाचं आहे हे आठवलं.

"हे मी म्हटलं होतं," त्या सावकाश म्हणाल्या. "तुम्हाला. याच ठिकाणी." मग नणंदेकडे वळल्या. "तुम्ही मला सांगितलंत म्हणून."

"वहिनी, इथे नको," नणंद मराठीत म्हणाली. 

"इथेच," नमुनेवाली म्हणाली.

बाईंनी विचारलं, "तुमच्या डोळ्यांना कधी काही झालं होतं?"

यावर घरमालकिणीचं वाक्य तयार होतं. "माझ्या? खाली दारात माणूस खोटं बोलला तर मला तिसऱ्या मजल्यावरून दिसतं."

मग तिनं टोपी उसवली. मधली पट्टी काढली, शिल्लक कापडाची नवी पट्टी तिरकी कापली, चिमटे लावले आणि शिवणीच्या आतल्या बाजूला हातानं कच्चे टाके घातले. सगळ्याला पंचवीस मिनिटं लागली.  बाईंनी टोपी चढवून मान वळवली. टोपी वळली.

मालकांनी तिला आणि नणंदेला केबिनमध्ये बोलावलं. "तीन वर्षं!" ते म्हणाले. "अहो, मला एका शब्दानं सांगायचं तरी!"

"तुम्ही विचारलं नाहीत."

"कसं विचारणार? तुम्हाला लागेल म्हणाली ही. मी आपला जपून, मोठ्यानं बोलत होतो."

"डोळे गेलेल्यांशी मोठ्यानं बोलतात होय?"

 नणंद भिंतीशी उभी होती, बोट पदरात गुंडाळून. "वहिनी," ती म्हणाली, "मी तुझ्या पाया पडते."

"उद्यापासून नमुना विभाग तुमचा," मालक नमुनेवालीला म्हणाले. "आणि हिचं काय करायचं ते तुम्हीच सांगा. आत्ता काढतो."

"काढू नका."

दोघांनीही मान वर केली.

"मला दुभाषी लागेल," नमुनेवाली म्हणाली. "माझं इंग्रजी ते काय. टीव्हीतलं. बाई आल्या, त्यांचा फोन आला, पत्र आलं, की वन्संनी माझ्या खुर्चीशेजारी उभं राहून मला मराठीत सांगायचं. शब्द न् शब्द. बाकी त्यांना काही काम नको."

बातमी घरी पोचली तेव्हा नवऱ्याचे डोळे भरून आले. "मोठं मन आहे तुझं," तो म्हणाला. कारखान्यातही सगळे तेच म्हणाले. वर्गात मात्र तसं कुणी म्हणालं नाही. न्हाव्यानं सगळी हकिकत दोनदा ऐकली आणि दुसऱ्यांदा हसला नाही.

रविवारी नणंद जेवायला येईनाशी झाली. नमुनेवाली मात्र दर रविवारी तिचं पान मांडायची आणि नवऱ्याला फोन करायला सांगायची.

दोन महिन्यांनी खरेदीदार बाई पुन्हा आल्या. नमुना विभागाच्या खिडकीशी टेबल होतं. नमुनेवाली बसली होती, नणंद तिच्या खुर्चीशेजारी उभी होती, पर्समधून चष्मा काढून डोळ्यांवर चढवून. दोऱ्यांच्या टेबलावरची जादा ट्यूबलाइट नमुनेवालीनं काढायला लावली होती आणि इथे लावून घेतली होती, आपल्या डोक्यावर नाही, शेजारी उभं राहणाऱ्याच्या.

बाईंनी नवा नमुना उलटापालटा करून पाहिला आणि नमुनेवालीकडे बघून इंग्रजीत बोलल्या. चार वाक्यं होती. नमुनेवालीला चारही कळली.

तिनं मान वर केली. "काय म्हणाल्या त्या, वन्सं?"

"शिलाई छान आहे म्हणाल्या," नणंद म्हणाली.

"अजून तीन वाक्यं होती."

नणंदेनं खिडकीबाहेर बघितलं. "असे हात त्यांनी कुठल्याच कारखान्यात पाहिले नाहीत म्हणाल्या."

"पुढे."

"टोपी कुणी शोधली हे इतकी वर्षं त्यांच्यापासून लपवलं, याची त्यांना लाज वाटते म्हणाल्या."

"त्यांना लाज वाटते, की ज्यानं लपवलं त्याला वाटायला हवी, असं म्हणाल्या? नीट सांगा. मला काही कळत नाही."

"ज्यानं लपवलं त्याला," नणंद म्हणाली.

"आणि चौथं?"

चौथं वाक्य नणंदेच्या शब्दावर पुन्हा कधी विश्वास न ठेवण्याबद्दल होतं. ते सांगायला तिला वेळ लागला. नमुनेवालीनं घाई केली नाही. मान एका बाजूला कलती करून ती तिच्याकडे बघत राहिली, जितका वेळ थांबायचं असतं तितका.